सवशीबापांची जीभ

विजेच्या पेटीला जीभ लावली आणि करंटने सवशीबापांची वाचा ओढून नेली, ही बातमी मिठाच्या रणात पसरली तेव्हा बापा आपल्या आगराच्या बांधावर दाताळं आडवं टाकून बसले होते आणि कुणाशी एक अक्षर बोलत नव्हते. त्यामुळे बातमी खोटी पाडायला माणूसच उरला नाही.

पाण्याचा टँकर चालवणाऱ्या रणजितने ती चार वस्त्यांवर पोचवली. पाणी सगळीकडे सारखंच ओतलं, बातमी मात्र दर वस्तीला वाढवून. पहिल्या वस्तीवर बापांना नुसता झटका बसला. दुसरीवर ठिणगी उडाली. तिसरीवर जीभ निळी पडली. फिरून ती बापांच्याच नऊ झोपड्यांत आली तेव्हा मंगुमाशीने ऐकली ती अशी : "अर्धी जीभ आतच राहिली म्हणे. पेटी हलवली की खडखडते." माशी म्हणजे मावशी; तिची झोपडी बापांच्या झोपडीला लागून. बापांना ती दिवसातून वीसदा बघते. तरी तिने जाऊन पेटी हलवून पाहिली, कान लावून.

खरी गोष्ट इतकी रंगीत नाही. पेटीच्या ज्या भोकाला बापांनी जीभ लावली त्यात तेव्हा करंट नव्हताच. वायर काढून बाजूला ठेवलेली होती. जीभ जागच्या जागी होती, निळीबिळी काही नव्हती. वाचा गेली ती त्यानंतर, आणि स्वतःच्या पायांनी गेली. जीभ लावल्यावर बापा तीन शब्द बोलले होते. ते बोलून झाल्यावर पुढे काय बोलावं हे त्यांना तीन दिवस सापडलं नाही. लाज वाटत होती. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या अंगात एवढी लाज मावते, हे त्यांनाही नवीन होतं.

ही जीभ काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. व्यापाऱ्याचा माणूस काचेची नळी घेऊन येतो, खाऱ्या पाण्यात सोडतो, डोळे बारीक करून खारेपणाचा आकडा वाचतो. बापा तोवर बोट बुडवून, चाटून मोकळे.

"साडेतेवीस."

"तेवीस दाखवतेय, बापा."

"पाणी तापलंय. सावलीत निवू दे, मग तिला विचार."

सावलीत नळी साडेतेवीस म्हणते. दर वर्षी म्हणते. व्यापाऱ्याचा माणूस दर वर्षी नळीकडे असा बघतो की जणू ती बापांना फितूर झालीय.

नुसता आकडा नाही, मीठ कुठल्या विहिरीचं तेही जीभ सांगते. नऊ झोपड्यांच्या नऊ खाऱ्या विहिरी; त्यांचंच पाणी आगरात आटवायचं. मंगुमाशीचं मीठ तोंडात पडल्या पडल्या ओरडतं आणि मग गप्प बसतं. एवढाच मंगुमाशीत आणि तिच्या मिठात फरक. बापांच्या पुतण्याचं नाव गेला; त्याच्या विहिरीचं मीठ कोरडं, धुळीसारखं जिभेवर बसून राहतं. आणि बापांचं स्वतःचं शेवटाला किंचित कडू, कारण दाणा टपोरा यावा म्हणून ते पाणी इतरांपेक्षा दोन दिवस जास्त धरून ठेवतात. कुणी म्हटलं की बापा, अमक्याचा ढीग तमक्याच्या ढिगात मिसळलाय, तर बापा उठणार, दोन्हीकडचा एकेक खडा चाटणार आणि निकाल देणार. निकालानंतर म्हणणार, "जिभेशपथ." लोक गळ्याची शपथ घेतात, आईची घेतात. बापा जिभेची घेत. त्यानंतर कुणी दुसरी शपथ मागितलेली नाही.

त्या पेटीची गोष्ट धनत्रयोदशीला सुरू झाली. पाटडीच्या एका संस्थेचे निमेषभाई ती जीपमधून घेऊन आले. निमेषभाई शहरातले, चांगला माणूस, पण 'अ‍ॅक्च्युअली' म्हटल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. "अ‍ॅक्च्युअली ही पेटी नाही, ही अ‍ॅक्च्युअली तुमची वीज आहे." उचलून नेता येईल एवढी पेटी, वर कडी, पुढे आकडा दाखवणारी काच, डाव्या अंगाला काळ्या रबराच्या झाकणाखाली एक भोक. उन्हाची पाटी छपरावर ठेवायची, तिची वायर त्या भोकात घालायची, दिवसभर पेटी भरते. संध्याकाळी तिच्यावर नऊ झोपड्यांचे दिवे, फोन आणि बापांचा रेडिओ. रणात खांब नाहीत, तारा नाहीत, आठ महिने मुक्काम. पेटी आल्यावर माणसं एकमेकांची तोंडं बघत जेवू लागली.

निमेषभाईंनी विचारलं, काही शंका? रणजितने विचारलं, टीव्ही चालेल का. मंगुमाशीने विचारलं, पेटी फुटते का. गेलाची बायको वालु पदराआडून नवऱ्याला म्हणाली, "विचारा, बिघडली तर आधी काय बघायचं?" निमेषभाईंनी तिथल्या तिथे पेटी वालुच्या ताब्यात दिली. आठवी शिकलेली, हाताची स्वच्छ. पेटीवर कापड घालणार, ओल्या हाताने कुणाला शिवू देणार नाही, आगरातून आलेल्याने आधी हात पुसायचे. आकडा खाली गेला की ती म्हणे पेटीला भूक लागली, भरत असली की म्हणे पेटी जेवतेय. दोन दिवसांत सगळी वस्ती तसंच म्हणायला लागली. "जेवली का गं पेटी?" "जेवतेय, अजून साठावर आहे."

आता एक अडचण समजून घ्या. बापा वालुचे मोठे सासरे. मराठीत लाज काढणं म्हणजे दुसऱ्याचा पाणउतारा करणं. रणात सून सासऱ्याची लाज काढते म्हणजे स्वतःच्या तोंडावर पदर ओढते आणि त्याच्याशी बोलत नाही. वालु लग्न होऊन आल्यापासून बापांशी एक शब्द बोललेली नाही. बापांची बायको गावात नातवंडांपाशी, म्हणून बापा जेवतात वालुच्या चुलीवरचं. ताट गेला नेऊन देतो. कधी नवरा घरात नसला आणि बापांना काही सांगायचंच असेल तर वालु चुलीवरच्या किटलीला सांगते. "किटले, बाहेर वारा सुटलाय, कुणी मफलर घेतला नाही." बापा मफलर घेतात. वर्षानुवर्षं हे चाललंय आणि किटलीने कधी तक्रार केलेली नाही.

माघात पेटी जेवेनाशी झाली.

आकडा अकरावर आला आणि तिथेच रुतला. ऊन कडकडीत, वायर लावलेली, पण काचेवर सूर्याचं चिन्ह काही उमटेना. वस्तीने आपापली औषधं सांगितली. रणजित म्हणाला दोन थपडा लगाव, माझा टँकर तसाच सुरू होतो. मंगुमाशी म्हणाली नजर लागलीय, पलीकडच्या वस्तीवरची ती बाई फार टक लावून बघत होती. वालुने कुणाचं ऐकलं नाही. आधी छपरावर चढून पाटीवरचा खाराचा थर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसला. मग फोनची वायर थेट उन्हाच्या पाटीला जोडून बघितली. फोन भरायला लागला, म्हणजे पाटी ठीक. मग वायर बदलली, संस्थेने दिलेली दुसरी लावली. काही नाही. पेटी तापली असेल म्हणून दुपारभर झोपडीत सावलीला ठेवली. बटण दहा आकडे मोजून दाबून धरलं. पेटी विझली, पुन्हा लागली, पुन्हा अकरा. टँकर आला तेव्हा गाडीच्या भोकातून घ्यायची वायर लावली. तीही जाते पेटीच्या त्याच तोंडात. नाही.

"म्हणजे ताट वाढलंय, भाकरी ताजी आहे," वालु गेलाला म्हणाली, "हिचं तोंडच उघडत नाही." आणि तिने निमेषभाईंना निरोप धाडला.

शुक्रवारी निमेषभाई आले, फॉर्म घेऊन. वालुच्या झोपडीपुढे सगळी जमली. बापा बाजेवर मधोमध. निमेषभाईंनी वायर काढली, रबराचं झाकण उचललं, मोबाइलचा उजेड पाडला आणि त्यांचा चेहरा पडला. भोकात पांढरा चिकट लगदा, कडांना हिरवं.

"मीठ," निमेषभाई म्हणाले. "अ‍ॅक्च्युअली पिन खाऊन टाकलीय मिठाने. हे आत गेलं कसं?"

"रणात मीठ कसं गेलं विचारतोय," मंगुमाशी म्हणाली. "उद्या मासळीला विचारेल अंग ओलं कसं."

"वाऱ्याने इतकं जात नाही, माशी. झाकण असतं. कुणीतरी मिठाच्या हाताने वायर लावली असणार." निमेषभाईंनी पदराकडे बघितलं, मग फॉर्मकडे. "सांभाळायला कोण होतं, ते अ‍ॅक्च्युअली लिहावं लागतं."

गेला म्हणाला, "ती हात पुसल्याशिवाय कुणाला पेटीपाशी येऊ देत नाही." पण गेला बोलतो तेव्हा त्याचं त्यालाच ऐकू जातं.

तेव्हा बापा बाजेवरून उतरले. गुडघे वाजले. "भांडता कशाला? आण इकडे. मीठ कुणाचं ते आत्ता सांगतो."

माणसं खूश झाली. हे ठीक झालं, आता निकाल लागेल. निमेषभाई म्हणाले, "बापा, जीभ नका लावू, अ‍ॅक्च्युअली..." पण तोवर पदराआडून दोन हात आले आणि पेटी बापांपुढे सरकली. वालुनेच सरकवली, घाईने.

बापांनी डोळे मिटले, जिभेचं टोक लगद्याला लावलं. आधी तांब्याची आंबूस चव. मग मीठ. मग, अगदी शेवटाला, किंचित कडू.

डोळे मिटलेलेच होते आणि मिटल्या डोळ्यांपुढे बेसत्या वर्षाची पहाट उभी राहिली. दिवाळीनंतरचा, नव्या वर्षाचा पहिला दिवस. सूर्य उगवायच्या आत घरात सबरस यायला हवा, म्हणजे चिमूटभर मीठ, वर्षभराचा शकुन. शहरात पोरं दारोदार विकतात, रणात विकणार कोण आणि घेणार कोण, म्हणून बापा दर वर्षी स्वतःच्या गेल्या सालच्या ढिगातली मूठ घेऊन निघतात आणि वस्तीतल्या प्रत्येक नव्या वस्तूला चिमूट देतात. नवी चूल असली तर चुलीत, नवा पंप असला तर पंपावर. या वर्षी नवी होती पेटी. सगळी झोपलेली. बापांनी कापड बाजूला केलं आणि विचार केला, ही रोज जेवते, मग हिचं तोंड कुठलं? रबराचं काळं झाकण ओठासारखं दिसलं. ओठ उचलून त्यांनी चिमूट आत ठेवली, अंगठ्याने नीट दाबली, सांडू नये म्हणून. हात जोडले. आणि विसरून गेले.

डोळे उघडले तर वीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

सांगायचं होतं ते एवढंसं. पण वीस माणसं, शिवाय फॉर्मवाला शहरी माणूस, आणि निकाल द्यायला स्वतःहून उतरलेला न्यायाधीशच चोर. बापांच्या कानामागून घाम ओघळला. आणि ज्या जिभेवर स्वतःच्या आगराचं कडू अजून रेंगाळत होतं, तीच जीभ म्हणाली :

"गेलाच्या विहिरीचं. जिभेशपथ."

हेच ते तीन शब्द.

 वाद उरलाच नव्हता. निमेषभाईंनी लिहिलं, मोठ्याने वाचत लिहायची त्यांना सवय, "हाताळणीत निष्काळजीपणा." मग म्हणाले, सोमवारी गाडी घेऊन येतो, पेटी पाटडीला नेतो, दुरुस्त झाली तर अ‍ॅक्च्युअली दुसऱ्या वस्तीला द्यावी लागेल, जिथे सांभाळणारं माणूस जबाबदार असेल. पदर हलला नाही. सगळी गेल्यावर झोपडीतून आवाज आला, "किटले, ऐकलंस ना तू." बस, एवढंच. बापा अजून अंगणातच होते.

त्या संध्याकाळी ताट आलं. बाजरीचा रोटला, वांग्याची भाजी. भाजीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. भोवती मिठाचे डोंगर, आणि बापांनी ती भाजी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. गेलाने विचारलं, "काही हवंय?" बापांनी मान हलवली. मीठ मागायला तोंड कुठलं उघडणार?

शनिवारी ते आगरात गेले आणि दाताळं ओढलं. दुपारी व्यापाऱ्याचा माणूस आला, नळी बुडवली, बापांच्या तोंडाकडे बघत थांबला. बापा दुसरीकडे बघू लागले. तो माणूस इतका घाबरला की नळी धुवायची विसरून गेला. तिथून रणजितच्या टँकरने ती बातमी उचलली.

बापांच्या डोक्यात मात्र एकच चक्र फिरत होतं : पेटी सोमवारच्या आत जेवायला लागली तर? मग कोण कुठे नेणार आणि कोण कुणाला विचारणार? सांगायची गरजच पडणार नाही. हा विचार सुचला त्याचीही त्यांना लाज वाटली, पण लाजेवर लाज चढली की खालची दिसत नाही. ते मंगुमाशीकडे गेले आणि फळीवरच्या बाटलीकडे बोट दाखवलं. दवाखान्याच्या गाडीने पायांच्या चिरा पुसायला दिलेलं स्पिरिट होतं ते.

"जिभेला लावू नका हो," मंगुमाशी कळवळून म्हणाली, "फार झोंबेल."

स्पिरिट, कापूस आणि आगपेटी घेऊन बापा वालुच्या दारात उभे राहिले. गेला आगरावर गेलेला. वालुने पदर ओढला, पेटी बाजेवर आणून ठेवली आणि चुलीकडे तोंड करून बसली. बापांनी काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला, भोकात घालणार एवढ्यात:

"किटले," वालु म्हणाली, "आधी ओलं घालू नये. मीठ विरघळून आणखी आत जातं. तोंड खाली धरून कोरडं झाडावं आधी."

बापा थांबले. चुलीमागून दात घासायचा एक जुना ब्रश घरंगळत त्यांच्या पायाशी आला. त्यांनी पेटी तिरकी धरली, ब्रशने हळूहळू झाडलं. पांढरी भुकटी बाजेवर पडली.

"किटले, हिरवं सहज निघणार नाही. पण मधली पिन वाकली तर पेटी संपलीच."

बापांनी श्वास रोखून पिनेभोवती काडी फिरवली. कापूस हिरवा झाला. दुसरी काडी. तिसरी. पाचवीला पिन चमकली.

"किटले," वालु त्याच आवाजात म्हणाली, "गुरुवारी मीही चाटून बघितलं होतं."

काडी भोकातच राहिली.

"आमच्या विहिरीचं कोरडं लागतं. हे शेवटाला कडू होतं." तिने चुलीत काटकी सारली. "म्हटलं बरं झालं. मी कशाला बोलू, लहान तोंडी. बापा चाटतील, ओळखतील, सांगतील. म्हणून तर पेटी पुढे केली."

चहा उकळला. तिने तो किटलीतून रकाबीत ओतला आणि रकाबी मागे न बघता बाजेकडे सरकवली.  बापांनी काहीतरी बोलायला हवं होतं. चमकलेली पिनच ते पुन्हा पुसत राहिले. आठदा पुसली. चहा निवला.

पेटी रात्रभर तोंड खाली करून वाळवली. रविवारी दुपारी वालुने वायर लावली. काचेवर सूर्य आला, पुसट, मग ठळक. अकराचे बारा झाले. गेलाने बापांच्या बांधापर्यंत पळत जाऊन सांगितलं, "बापा, जेवली." बापांनी मान डोलावली. आनंद व्हायला हवा होता. पोटात मात्र शुक्रवारची अळणी भाजी तशीच पडून होती.

सोमवारी निमेषभाई गाडी घेऊन आले. पेटी चौसष्टावर.

"अरे वा, अ‍ॅक्च्युअली जेवतेय," निमेषभाई म्हणाले. वस्तीचा शब्द त्यांनाही लागला होता.

"मग झालं तर," मंगुमाशी म्हणाली. "चहा घ्या आणि जा."

"माशी, फॉर्म वर गेलाय. कारण निष्काळजीपणा. पेटी दुसऱ्या वस्तीच्या नावावर पडली. आता अ‍ॅक्च्युअली माझ्या हातात नाही."

वालु उठली. छपरावरून पाटी उतरवून गेलाच्या हाती दिली. वायरी एकेक करून गुंडाळल्या, नीट, गाठ पडू न देता, दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू गुंडाळतात तशा. कापडाची घडी पेटीवर ठेवली. किटलीशीसुद्धा बोलली नाही.

बापांच्या घशातून आवाज निघाला. बंद पडलेला पंप पहिल्यांदा खोकतो तसा. सगळी वळली.

"सबरस," बापा म्हणाले.

"वाचा आली," रणजित म्हणाला, जरा नाराजीनेच.

"काय हवंय त्यांना?" "सबरस मागतायत." "माघात?" मंगुमाशी आत धावली आणि चिमूटभर मीठ घेऊन आली. बापांनी तिचा हात बाजूला केला.

"बेसत्या वर्षाला मी घातला होता. तोंडात."

"कुणाच्या?"

"पेटीच्या. शकुन म्हणून. दाबून घातला."

क्षणभर कुणाला कळलं नाही, मग एकेकाला कळत गेलं आणि हसू फुटलं. रणजित तर टँकरला टेकून हसला. "पेटीला सबरस. आता टायरला पेढा द्या, बापा." बापांनी ते ऐकून घेतलं. हसू परवडतं, त्यांना ठाऊक होतं पुढे काय येणार. आणि ते आलंच.

"पण मग," गेला हळूच म्हणाला, "माझ्या विहिरीचं कसं निघालं?"

हसू थांबलं. मंगुमाशीने लगेच सावरलं, मनाची चांगली आहे ती. "अहो वय झालं. जीभ चुकली. माझं नाही का, परवा चहात साखर समजून तुरटी टाकली."

"हो हो," दोघंतिघं म्हणाली. "तांब्याची चव मिसळलेली. कुणाचीही चुकेल." निमेषभाईंनी पेन काढलं. "अ‍ॅक्च्युअली तसंच लिहू ना? जीभ चुकली?"

सगळ्यांनी मिळून बापांसाठी दार उघडं धरलं होतं. मान खाली घालून हो म्हणायचं, की बाहेर. म्हातारा आहे, चालायचंच. पुढच्या साली कुणी ढीग चाटायला बोलावणार नाही, एवढाच तोटा.

बापांनी गेलाकडे बघितलं, पदराकडे बघायचं धाडस झालं नाही.

"जीभ चुकली नाही," ते म्हणाले. "जिभेने बरोबर सांगितलं होतं. माझंच मीठ. मला चाटताक्षणी कळलं. मी खोटं बोललो."

 गेला अंगठ्याने जमीन उकरत राहिला, मग म्हणाला, "मला एकटा गाठून सांगितलं असतंत बापा, तर मीच म्हटलं असतं माझं म्हणून." त्याने ते मायेने म्हटलं होतं. बापांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं. ते खाली बसले, बाजेवर नाही, जमिनीवर.

निमेषभाईंनी फॉर्म उलटासुलटा केला. "शकुनाचा कॉलम अ‍ॅक्च्युअली नाहीये," ते पुटपुटले. शेवटी समासात लिहिलं आणि वाचून दाखवलं : "सणाच्या दिवशी वडीलधाऱ्यांकडून मीठ गेले. सांभाळणारीचा दोष नाही. तिनेच दुरुस्त केली." बापांनी खाली सही केली. तिथेच फोन लावून निमेषभाई कुणाशी तरी वीस मिनिटं बोलले आणि गाडी रिकामी परत गेली. गेलाने पाटी पुन्हा छपरावर चढवली.

वालु आत गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "किटले, पुढच्या बेसत्या वर्षाला पेटीला गूळसुद्धा नको म्हणावं." बापा अंगणात होते, त्यांनी ऐकलं. हसावं की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही.

बापा आता बोलतात. कमी बोलतात. व्यापाऱ्याच्या माणसाला आकडा सांगतात, बरोबरच सांगतात, पण शपथ घेत नाहीत. ढिगाचा वाद घेऊन परवा मंगुमाशी आली तेव्हा म्हणाले, आधी वालुला चाटायला सांग, मग मी. वालुने पदराआडून चाटलं, किटलीला सांगितलं, किटलीचं आणि बापांचं एकच निघालं.

राहिली एक पैज, ती अजून सांगितलीच नाही. शनिवारी किटलीशी जे बोलणं झालं ते कुडापलीकडे उभ्या असलेल्या एका पोरीनेही ऐकलं होतं, तिचे कान तिच्या आईच्या मते कापून ठेवायच्या लायकीचे आहेत, आणि हे सगळं लिहिणारी तीच. रविवारी दुपारी ती बांधावर गेली आणि मुक्या बापांना म्हणाली, तुम्ही उद्या सांगणार हे दिसतंय, पण 'जीभ चुकली' म्हणून सुटणार, लावा पैज. मी हरले तर होळीपर्यंत तोंडाने कुणाची नक्कल करणार नाही, निमेषभाईंचीसुद्धा नाही. बापांनी काही न बोलता हात पुढे केला होता. ती हरली, आणि होळीला अजून एकोणीस दिवस आहेत. कागदावरच्या नकलेचं मात्र काही ठरलं नव्हतं.